पुरस्कार चुकला म्हणजे नेमकं काय चुकलं?

जूनमधला सोमवार, पहाटेचे साडेपाच. नागपुरात नवतपा नुकताच सरलेला असतो, पावसाचा पत्ता नसतो आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर भरून असतो. न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या भाचीकडे त्या वेळी रविवारचे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि टोनी पुरस्कारांचा सोहळा सुरू होत असतो. मग तीन तास तिचे मेसेज येत राहतात. "मावशी, हे काय होऊन राहिलं?" "हिला काऊन दिलं?" धरमपेठेत वाढलेली पोरगी, ब्रॉडवेवर चिडते तीही नागपुरीतच.

मी हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. त्यामुळे असे निकाल आणि त्यानंतरची भांडणं मला नवी नाहीत. स्पर्धेचा निकाल लागला की सभागृहाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जे ऐकू येतं, तेच भाची इंग्रजी नाटकांबद्दल लिहीत असते. डावललं, वशिला लागला, परीक्षकांना गाण्यातलं काही कळत नाही. बोलणाऱ्याची कळकळ खरी असते. पण "निकाल चुकला" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी कोंबलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय वाद कुठेच पोचत नाही. म्हणून हा लेख. उदाहरणं बरीचशी टोनीची घेते, कारण तिथले नियम लिहिलेले आहेत आणि त्यावरचे वाद सत्तर-पंचाहत्तर वर्षांचे आहेत.

टोनी हा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर होणाऱ्या नाटकांचा पुरस्कार. १९४७ साली सुरू झाला, नाव अँटोनेट पेरी या रंगकर्मी बाईंचं. दोन संस्था मिळून तो देतात: अमेरिकन थिएटर विंग आणि ब्रॉडवे लीग. ही दुसरी संस्था निर्मात्यांची, थिएटरमालकांची आणि गावोगावी दौरे लावणाऱ्यांची आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला प्रश्न: स्पर्धेत मुळात कोण आहे? टोनीसाठी नाटक मॅनहॅटनमधल्या ठरावीक ४१ थिएटरांपैकी एकात झालेलं असावं लागतं, आणि त्या प्रत्येकात ५०० किंवा जास्त खुर्च्या असतात. दोन गल्ल्या सोडून दोनशे खुर्च्यांच्या जागेत कुणी जीव ओतून काम केलं, तरी ते टोनीच्या हिशेबात येत नाही. आपल्याला हे कळायला अमेरिकेत जायची गरज नाही. नागपूरहून गडचिरोलीकडे जा. वडशाला झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांची मांदियाळी आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, रात्रभर नाटक चालतं, गाणी तिथल्या तिथे गायली जातात, समोर मंडपात गावंच्या गावं बसलेली असतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या अनेकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा नीट ऐकला. एवढी मोठी संगीत रंगभूमी शहरी पुरस्कारांच्या यादीत क्वचितच दिसते. त्यांना कुणी हरवलेलं नसतं, त्यांचं नाव चिठ्ठीतच नसतं.

'नवीन' नाटक आणि 'पुनरुज्जीवित' नाटक ही वाटणीही अशीच गंमतीची आहे. 'हेडविग अँड द अँग्री इंच' हे नाटक १९९८ साली ब्रॉडवेबाहेरच्या छोट्या थिएटरात आलं. २०१४ मध्ये ब्रॉडवेवर पहिल्यांदाच पोचलं, आणि टोनी मिळाला तो पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा. ब्रॉडवेवर आधी कधी झालंच नव्हतं, तरी पुनरुज्जीवित, कारण तोवर ते नाटक सर्वपरिचित झालं होतं. पटो न पटो, हा निर्णय मतदारांच्या हाती पोचायच्या आधीच झालेला असतो.

दुसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो: कोणत्या रकान्यात? प्रमुख भूमिका की सहायक भूमिका?

आपण सहज म्हणू, भूमिका किती मोठी आहे ते बघा. टोनीचा मूळ नियम तसा नाही. पहिल्या प्रयोगाच्या वेळी जाहिरातीत नटाचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलं असेल तर तो प्रमुख, खाली असेल तर सहायक. यात बदल करायचा तर निर्मात्याने विचारायचं आणि प्रशासकीय समितीने ठरवायचं. 'कॅबरे' नाटकातला सूत्रधार घ्या. १९६७ साली जोएल ग्रे यांना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा टोनी मिळाला. १९९८ साली अ‍ॅलन कमिंग यांना त्याच भूमिकेसाठी प्रमुख अभिनेत्याचा मिळाला. २०२४ मध्ये एडी रेडमेन यांचं नामांकन झालं, तेही प्रमुख अभिनेता म्हणून. भूमिका तीच, रकाना बदलला.

आपल्याकडचं उदाहरण लावून बघा. नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी लिहिलेलं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ सालचं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. खाँसाहेबांकडे शिकायला येणारा सदाशिव हा नाटकाचा धागा आहे, मग प्रमुख कोण? वसंतरावांच्या भूमिकेला 'सहायक' म्हणायची नागपुरात कुणाची छाती होणार नाही. पण नियम जाहिरातीवर चालत असता, तर उत्तर छापखान्यातल्या खिळ्यांनी दिलं असतं. आणि निर्माते हे ओळखून असतात. प्रमुखच्या रकान्यात तीन दिग्गज असतील, तर आपल्या नटाचं नाव सहायकमध्ये गेलेलं त्यांना सोयीचंच वाटतं. त्यामुळे 'सहायक'मध्ये हरलेला खरा सहायक नट जेव्हा चिडतो, तेव्हा मी त्याच्या बाजूने असते. तो दोन प्रवेशांचं काम घेऊन आलेला असतो आणि समोर अख्खं नाटक खांद्यावर घेतलेला माणूस.

रकान्यांचा सगळ्यात विचित्र प्रकार १९६० सालचा. 'द साउंड ऑफ म्युझिक'मधल्या सातही मुलांना मिळून एक नामांकन दिलं गेलं, सहायक अभिनेत्रीचं. त्यात मुलगेही होते.

तिसरा टप्पा नामांकनाचा. टोनीत पन्नास-साठ जणांची समिती वर्षभर सगळी पात्र नाटकं बघते आणि नावं काढते. अंतिम मतदार आठशेच्या आसपास असतात, पण त्यांना या समितीने पुढे केलेल्यांतूनच निवडायचं असतं. म्हणून "याला मिळायला हवा होता" आणि "याचं नाव तरी यायला हवं होतं" या दोन अगदी वेगळ्या तक्रारी आहेत, वेगळ्या लोकांविरुद्धच्या. १९९६ साली ज्युली अँड्र्यूज यांनी 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया'साठी मिळालेलं नामांकन जाहीरपणे नाकारलं. त्या नाटकात फक्त त्यांचंच नाव निघालं होतं, बाकी कुणाचंच नाही, आणि वगळलेल्या सहकाऱ्यांसोबत उभं राहणं त्यांना जास्त योग्य वाटलं. नेमक्या टप्प्यावर बोट ठेवणारा निषेध म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

आणि २०२०. करोनाने हंगाम अर्ध्यावर तुटला. नवीन संगीत नाटकं पात्र ठरली चार, नामांकनं मिळाली तिघांना. प्रमुख अभिनेत्याच्या रकान्यात पात्र नट दोनच होते. समितीने एकाचंच नाव काढलं, 'मुलाँ रूज'चे अ‍ॅरन ट्वेट. एकटेच उमेदवार, तरी जिंकायला ६० टक्के मतदारांची संमती हवी होती, ती मिळाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुरस्कारही. दुसरा नट 'द लायटनिंग थीफ'मधला. त्या चारांत स्वतःची नवी गाणी असलेलं नाटकही तेवढंच होतं, बाकीच्यांची गाणी बव्हंशी आधीच गाजलेली. तरी त्या वर्षी उत्कृष्ट संगीताच्या रकान्यात पाचही नामांकनं गद्य नाटकांना गेली. ते नाटक कच्चं असेलही. समीक्षकांना ते फारसं आवडलं नव्हतंच. पण जागा रिकामी ठेवून दोनातल्या एकाला दाराबाहेर ठेवण्यात कुणाचा मान वाढला, हे मला अजून समजलेलं नाही.

चौथा टप्पा: मत कुणाचं? इथे ब्रॉडवे लीग आठवा. मतदारांत नट, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार यांच्या संघटनांचे लोक असतात, तसे निर्माते असतात आणि इतर शहरांत दौरे लावणारेही असतात. दौरे लावणाऱ्याला आपल्या गावात कोणतं नाटक तिकीट ओढेल याची फिकीर असणारच. पोस्टरवर 'टोनी विजेते' असं लिहिलं की तिकीट खपतं. २००९ साली पत्रकार-समीक्षकांचं मत काढून घेतलं गेलं, तेव्हा मोठी ओरड झाली, कारण ज्यांचा गल्ल्याशी संबंध नव्हता तेच बाहेर गेले. पुढे त्यातल्या काहींना परत घेतलं.

२००४ सालचा निकाल या सगळ्यासकट समजून घ्यावा लागतो. एकीकडे 'विकेड', भव्य, दहा नामांकनं. दुसरीकडे 'अ‍ॅव्हेन्यू क्यू', बाहुल्या हातात घेऊन गाणाऱ्या नटांचं छोटं नाटक. त्यांनी मतदारांना आवाहन केलं, मनाला पटेल त्याला मत द्या. जिंकले तेच. संगीत आणि संहिता हे पुरस्कारही त्यांनाच. आणि त्यानंतर लगेच जाहीर झालं की नाटक देशभर दौऱ्यावर न जाता लास वेगासला मुक्काम करणार. दौरे लावणारे मतदार भडकले. आपल्या मतावर जिंकले आणि आपल्यालाच नाटक नाही! हा राग कलेबद्दलचा नव्हता, पण मत कशासाठी दिलं गेलं होतं ते त्यातून उघड झालं.

भाची म्हणते, बघ, 'विकेड' आजही सुरू आहे, म्हणजे निकाल चुकला होता. मला हे मान्य नाही. पुरस्कार त्या वर्षी पाहिलेल्या कामाचा असतो, वीस वर्षांनी किती तिकिटं खपतील याचा नाही. १९७६ साली 'शिकागो'ला अकरा नामांकनं होती आणि एकही पुरस्कार मिळाला नाही. समोर 'अ कोरस लाइन' होतं, त्याने नऊ नेले. १९९६ साली परत आलेलं 'शिकागो' आजतागायत चालू आहे, म्हणून 'कोरस लाइन'चा विजय खोटा ठरत नाही. १९६० च्या 'जिप्सी'चं दुःख मात्र मी मान्य करते. आठ नामांकनं, हाती शून्य, आणि त्याच वर्षी सर्वोत्तम संगीत नाटकाचा पुरस्कार 'फिओरेलो' आणि 'साउंड ऑफ म्युझिक' या दोघांना बरोबरीत वाटून दिलेला. दोघांसाठी जागा होती, तरी 'जिप्सी'साठी नव्हती. मी यातलं एकही नाटक रंगमंचावर पाहिलेलं नाही, ध्वनिमुद्रणं ऐकली आहेत, म्हणून माझं म्हणणं गाण्यांपुरतंच धरावं.

पाचवं, मोजणी. ही लोकांना कंटाळवाणी वाटते, पण निम्मी कोडी इथेच सुटतात. टोनीत ज्याला सर्वात जास्त मतं तो विजयी, अर्ध्याहून जास्त हवीत अशी अट नाही. समजा ८०० मतं आणि चार नाटकं: २३०, २२०, १९० आणि १६०. पहिलं जिंकलं. पण ५७० जणांना दुसरंच काहीतरी हवं होतं. दोन गंभीर नाटकांनी एकमेकांची मतं खाल्ली की तिसरं हलकंफुलकं वर येतं. वशिल्याची गरजच नाही. आपल्याकडे नगरसेवकाच्या निवडणुकीत मतं फुटणं ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या स्पर्धांत मोजणी निराळी. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर तिथलं प्रत्येक नाटक तेच तीन परीक्षक बघतात. नामांकन समिती नाही, आठशे मतदार नाहीत. यात एक मोठी चांगली गोष्ट आहे, सगळ्यांना एकच मापटं. पण गुण द्यायच्या पद्धतीत एक खोच असते, ती कोणत्याही गुणांच्या स्पर्धेत असू शकते. दोन परीक्षक हात आखडून गुण देणारे, म्हणजे साठ ते सत्तरमध्येच फिरणारे. तिसरा मोकळ्या हाताचा, पन्नासही देणार आणि पंच्याहत्तरही. आता पहिल्या नाटकाला ६८, ६६ आणि ५०, बेरीज १८४. दुसऱ्याला ६४, ६२ आणि ७५, बेरीज २०१. तिघांपैकी दोघांना पहिलं नाटक जास्त आवडलं होतं, तरी दुसरं सतरा गुणांनी पुढे गेलं. कुणी लबाडी केली नाही. ज्याचा हात मोकळा, निकाल त्याचा. तेच गुण क्रमांकात बदलून बेरीज केली, पहिला, पहिला, दुसरा, तर पहिलं नाटक जिंकतं. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाने एकदा कागद घेऊन हे करून बघावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आपल्या संगीत नाट्य स्पर्धेची एक गोष्ट मात्र टोनीने शिकावी. आपण गायनाचा पुरस्कार वेगळा देतो, अभिनयाचा वेगळा, आणि साथीचाही देतो, ऑर्गनला आणि तबल्याला. नटीचा श्वास कुठे संपतोय ते बघून आलाप एक आवर्तन आधी आटोपता घ्यायचा, की तिला सूर धरून ठेवायचा, हा निर्णय साथीदार क्षणात घेत असतो आणि तो प्रेक्षकाला कळू न देणं हीच त्याची कामगिरी. टोनीत संगीत संचालकाचा पुरस्कार होता, १९६४ नंतर बंद झाला. आता वाद्यमेळ लिहिणाऱ्याला मिळतो, वाजवून घेणाऱ्याला नाही. म्हणूनच २००० सालचा निकाल मला टोचतो. सर्वोत्तम संगीत नाटक ठरलं 'कॉन्टॅक्ट'. त्यात वादक नव्हते, नट गात नव्हते, आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांवर नृत्यं होती. नृत्यं अप्रतिम असतील, पण ट्रॅक लावून केलेल्या कार्यक्रमाला आपण संगीत नाटक म्हणू का? वादकांच्या संघटनेने निषेध केला, आणि पुढच्या वर्षापासून 'विशेष रंगमंचीय आविष्कार' असा नवा रकाना निघाला. वादाने नियम बदलला, असं क्वचित घडतं. ते घडलं कारण तक्रार व्यक्तीविरुद्ध नव्हती, व्याख्येबद्दल होती.

माझ्या आयुष्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमचं संगीत नाटक होतं. तिसरा अंक, शेवटची भैरवी. ऑर्गन विंगेलगत होता, तिथून परीक्षकांची टेबलं दिसत. भैरवीचा पहिला सूर धरला तेव्हा मधली खुर्ची रिकामी होती. टेबलावरचा छोटा दिवा चालू, गुणपत्रिकेवर पाण्याचा ग्लास ठेवलेला, पंख्याने कागदाचा कोपरा उडत होता. आमची नटी त्या दिवशी जे गायली ते मी परत ऐकलेलं नाही. कोमल रिषभावर ती इतकी थांबली की तबलजीने माझ्याकडे बघितलं. टाळ्या सुरू झाल्यावर परीक्षक परत आले, बसले, ग्लास बाजूला केला आणि लिहू लागले.

गायनाचं पदक दुसऱ्या संघाच्या मुलीला मिळालं. आम्ही आठवडाभर जळफळत होतो. मी तर सगळ्यांत जास्त. आणि त्या मुलीचं गाणं आमच्यापैकी एकानेही ऐकलेलं नव्हतं, कारण त्यांच्या प्रयोगाच्या वेळी आम्ही मॅटाडोरमध्ये नेपथ्य चढवत होतो. पुढच्या वर्षी ऐकलं. मुलगी सुरेल होती, तयारीची होती, पदकाला शोभणारी होती.

म्हणजे आमची तक्रार खोटी होती का? नाही. निकाल कदाचित बरोबर होता, पण ती रिकामी खुर्ची चुकीचीच होती, आणि आम्ही खुर्चीबद्दल बोलायचं सोडून त्या मुलीबद्दल वाईट बोललो. त्याची मला आजही लाज वाटते. टोनीत नियम आहे: एखाद्या रकान्यात मत द्यायचं तर त्यातली नामांकित सगळी नाटकं पाहिलेली असली पाहिजेत. एवढा एकच नियम आपल्या प्रत्येक स्पर्धेने परीक्षकांकडून सही घेऊन पाळावा. सगळे अंक पाहिले, तारीख, वेळ, सही.

यंदाच्या जूनमध्येही पहाटे फोन वाजला. भाची संतापलेली, सर्वोत्तम संगीत नाटक म्हणे भलत्यालाच. मी विचारलं, नामांकनातली तू किती पाहिलीस? बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "दोन." जिंकलेलं नाटक त्या दोनांत नव्हतं. त्याचं तिकीट तिने त्याच आठवड्यात काढलं. उरलेल्यांपैकी एक बघायला गेली, तोवर ते बंद पडलं होतं.